अलाइनरचा नवा ट्रे: पहिल्या रात्रीपासून बदलायच्या दिवसापर्यंत

दर दुसऱ्या आठवड्यात माझी एक रात्र ठरलेली असायची. जेवणं आटोपायची, ओटा पुसून व्हायचा आणि मग मी नव्या ट्रेचं पाकीट घेऊन बाथरूमच्या आरशासमोर उभी राहायचे. पाकिटावर नंबर, आत वरचा आणि खालचा असे दोन पारदर्शक साचे. दात हळूहळू सरळ करणारे हे साचे म्हणजेच अलाइनर. दाबून बसवताना टक् असा बारीक आवाज यायचा आणि पुढचे दात कुणीतरी चिमटीत धरल्यासारखे आवळले जायचे. आधीचे २६ ट्रे, मग रिफाइनमेंटचे, म्हणजे राहिलेली कसर काढायला नव्याने बनवलेले ९, असे एकूण ३५. मी सांगलीत एका शाळेत मराठी शिकवते, म्हणजे दिवसभर बोलणं हेच काम. नवा ट्रे आणि कामाचा दिवस यांची सांगड घालायला मी चुकत-माकत शिकले.

डॉक्टर स्कॅन करतात, ट्रे हातात देतात, 'रोज २० ते २२ तास घाला' असं सांगतात. पण रात्री साडेदहाला ट्रे निघेना झाला, किंवा सकाळी दात हलल्यासारखा वाटला, की विचारायचं कुणाला? त्या वेळी मला जे माहीत असायला हवं होतं ते इथे लिहिते आहे. तुमचे स्वतःचे ट्रे असोत की मुलांचे, क्रम तोच.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. नवा ट्रे आला की आपलं सगळं लक्ष दुखण्याकडे जातं. ते साहजिक आहे, पण दुखणं बहुतेक वेळा आपलं आपण उतरतं. लक्ष ठेवायचं ते ट्रे दातांवर पुरता बसलाय की नाही यावर. अर्धवट बसलेला ट्रे दोन आठवडे घातला, तर पुढचा नंबर त्याहून कमी बसतो, त्याच्या पुढचा आणखी कमी.

दुखतं ते कशामुळे

प्रत्येक ट्रे तुमच्या दातांच्या आजच्या जागेपेक्षा किंचित पुढचा बनवलेला असतो. एका ट्रेमध्ये एक दात साधारण पाव मिलिमीटर सरकवायचा, असा हिशोब असतो. दात हाडात सिमेंटने बसवल्यासारखा घट्ट नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये तंतूंचा एक पातळ थर असतो, तोही जेमतेम पाव मिलिमीटरच्या आसपास जाडीचा. नवा ट्रे दाताला ढकलतो तेव्हा एका बाजूला हा थर दाबला जातो आणि दुसऱ्या बाजूला ताणला जातो. दाबाच्या बाजूचं हाड हळूहळू विरघळतं, ताणाच्या बाजूला नवं हाड तयार होतं. या कामासाठी शरीर जी रसायनं सोडतं, त्यांनीच ठणका लागतो.

म्हणून दुखण्याला एक वेळापत्रक असतं. घातल्या घातल्या नुसतं आवळल्यासारखं वाटतं. दोन-चार तासांनी दुखायला लागतं, साधारण २४ तासांच्या सुमारास सगळ्यात जास्त असतं आणि तीन-चार दिवसांत ओसरतं. काहींना आठवडाही लागतो. या काळात एखादा दात किंचित हलल्यासारखा वाटतो. मला पहिल्यांदा तसं वाटलं तेव्हा तोंडचं पाणी पळालं होतं. पण तो थर रुंदावल्यामुळे थोडं हलणं अपेक्षितच असतं आणि दात नव्या जागी स्थिरावला की ते थांबतं.

बदलायची रात्र निवडा

सुरुवातीला मी रविवारी रात्री ट्रे बदलायचे. हिशोब सरळ चुकलेला होता: चोवीस तासांचा कळस सोमवारी, पाच तासिका घेऊन घरी आल्यावर. सातव्या ट्रेनंतर डॉक्टरांना विचारून दिवस शनिवारवर आणला. पहिली रात्र झोपेत, रविवार घरी, आणि सोमवारी शाळेत जाताना ठणका उताराला लागलेला. तुमचा कामाचा आठवडा वेगळा असेल, तर सुट्टीच्या आदल्या रात्रीचा विचार करा. प्रवास, परीक्षा, मोठी मीटिंग किंवा घरचं लग्न तोंडावर असेल, तर चालू ट्रे दोन-तीन दिवस जास्त घातला तरी सहसा बिघडत नाही. ठरलेल्या दिवसाआधी बदलायचं मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही.

रात्रच का? दिवसा बदलला की जीभ सारखी तिकडे जाते, काढायचा मोह होतो. रात्री घातला की सात-आठ तास तो सलग दातांवर राहतो आणि सुरुवातीचं अवघडलेपण झोपेत निघून जातं.

चढवण्याआधीची तयारी

आधी दात घासा आणि फ्लॉसने, म्हणजे दातांमधून फिरवायच्या बारीक दोऱ्याने, दातांच्या फटी साफ करा. दोन दातांमध्ये ज्वारीच्या भाकरीचा कण अडकलेला असला तरी ट्रे त्या जागी उचललेला राहतो, आणि आपण म्हणतो ट्रेच नीट बनवलेला नाही.

नवा ट्रे गार पाण्याखाली धुवा. मग डोळे मिटून काठावरून बोट फिरवा. कारखान्यात कापताना कुठेतरी टोक राहिलेलं असतं आणि बोटाला जे टोचतं ते जिभेला दहापट टोचतं. असं टोक सापडलं, तर नखं घासायच्या बारीक कानशीने तेवढीच जागा दोन-तीनदा हलकेच घासा. कात्री लावू नका. काठ फार खाली येऊन हिरडी कापत असेल, तर ते काम डॉक्टरांवर सोडा.

वरचा कोणता, खालचा कोणता, नंबर कितवा, हे ट्रेवरच बारीक कोरलेलं असतं. चष्मा लावून वाचा.

बसवणं

घाई करायची नाही, हीच ती जागा.

ट्रे आधी पुढच्या दातांवर ठेवा आणि दोन्ही अंगठ्यांनी किंवा बोटांच्या पेरांनी दाबा. मग दोन्ही बाजूंनी हळूहळू मागे दाढांकडे सरका. दाब सारखा ठेवा. दात आवळून, म्हणजे चावून ट्रे बसवायचा मोह होतो, कारण बोटांपेक्षा जबड्यात जोर जास्त. तसं करू नका. तिरका बसलेला ट्रे चावला की त्याला तडा जातो, नाहीतर दातावरचं अटॅचमेंट निखळतं. (दाताच्या रंगाचे जे बारीक उंचवटे डॉक्टर चिकटवतात ते अटॅचमेंट. त्यांच्यामुळे ट्रेला पकड मिळते.)

बोटांनी बसवून झाल्यावर च्युई वापरा. बोटाच्या पेराएवढं हे मऊ नळकांडं बहुतेक डॉक्टर पहिल्याच दिवशी देतात आणि बहुतेक लोक ते कपाटात टाकून विसरतात. मीही विसरले होते. नवव्या ट्रेला वरचा एक सुळा मागे राहिला, तेव्हा डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "च्युई चावता का रोज?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

पद्धत साधी आहे. च्युई एका बाजूच्या शेवटच्या दाढेवर ठेवा, चावून पाच-दहा सेकंद धरा, सोडा, एक दात पुढे सरका. असं दुसऱ्या टोकापर्यंत जा. जो दात हट्टी आहे तिथे दोनदा-तीनदा. नव्या ट्रेच्या पहिल्या तीन-चार दिवसांत दिवसातून दोन वेळा पाच-पाच मिनिटं द्या, पुढे डॉक्टर सांगतील तसं. पहिल्या दिवशी चावताना दुखतं खरं, पण दोन मिनिटांत ते दुखणं बोथट होतं आणि नंतर उलट हलकं वाटतं.

आता तपासणी. मोबाइलचा टॉर्च लावा, ओठ बाजूला ओढा आणि आरशात बघा. दाताचं टोक आणि ट्रेचा तळ यांच्यामध्ये हवेची पोकळी दिसते का? पुढच्या दातांच्या टोकांशी ती चकचकीत चंद्रकोरीसारखी दिसते. पहिल्या रात्री केसाएवढी फट असेल, तर घाबरू नका, दोन-तीन दिवस च्युई चावल्यावर ती सहसा बुजते. अटॅचमेंटपाशीही बघा. उंचवटा ट्रेच्या खळग्यात नेमका बसलेला हवा, खळग्याच्या काठावर चढलेला नको. मी दर ट्रेच्या पहिल्या रात्री आणि चौथ्या दिवशी त्याच जागी उभी राहून, त्याच कोनातून फोटो काढायचे. दोन फोटो शेजारी ठेवले की फट कमी झाली की तेवढीच आहे, हे लगेच कळतं.

काढणं

पहिल्या ट्रेच्या वेळी किंवा नवी अटॅचमेंट लावलेल्या दिवशी ट्रे निघत नाही आणि जीव घाबरा होतो. हात धुऊन बोटं कोरडी करा, ओल्या बोटांची पकड घसरते. सुरुवात नेहमी आतल्या, जिभेच्या बाजूने करा. शेवटच्या दाढेपाशी बोटाचं टोक काठाखाली घालून ट्रे किंचित उचला. मग दुसऱ्या बाजूच्या दाढेपाशी तसंच. दोन्ही बाजू सैल झाल्या की पुढे या, पुढचे दात सगळ्यात शेवटी. एकाच बाजूने पूर्ण ओढून काढलात, तर ट्रे पिळवटतो आणि बरोबर मधोमध चिरतो. नखं नाजूक असतील, तर ट्रे काढायचा छोटा प्लॅस्टिकचा हुक मिळतो, तो पर्समध्ये ठेवा.

पहिल्या दोन दिवसांत मुळात कमी वेळा काढा. दर वेळी काढून परत घालताना दुखऱ्या दातांना पुन्हा झटका बसतो.

पहिले तीन दिवस

ठणक्यावर सगळ्यात सोपा उपाय म्हणजे गार पाणी. ट्रे तोंडात असतानाच घोट घोट प्या. रुमालात बर्फ गुंडाळून बाहेरून गालावर दहा मिनिटं धरलं तरी बरं वाटतं. गोळी लागलीच, तर प्रौढ माणसाला पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅमची एक गोळी बहुतेक वेळा पुरते. यकृताचा त्रास असेल, गरोदरपण असेल किंवा दुसरी औषधं चालू असतील, तर आधी डॉक्टरांना विचारा. घरात सहज सापडणारी काँबिफ्लाम वेगळी, तिच्यात पॅरासिटामॉलबरोबर आयबुप्रोफेनही असतं. दात सरकण्यासाठी शरीराला जी रसायनं लागतात त्यांनाच आयबुप्रोफेन अडवतं, म्हणून पुष्कळ ऑर्थोडॉन्टिस्ट, म्हणजे दात सरळ करणारे तज्ज्ञ, पॅरासिटामॉल सुचवतात. चुकून एखादी घेतली तर उपचार फुकट जात नाहीत, पण दर ट्रेला तीच घ्यायची सवय नको.

लवंगेच्या तेलाबद्दल कळकळीने सांगते, कारण आपल्याकडे दातदुखी म्हटलं की घरातलं वडीलधारं माणूस पहिली तीच बाटली पुढे करतं. निव्वळ लवंगेचं तेल हिरडीला भाजतं आणि वरून ट्रे घातला की ते तिथेच कोंडून राहतं. अलाइनरच्या दुखण्यावर ते वापरू नका.

गालाला किंवा जिभेला काठ घासून छाला आला, तर काठ कोरडा करून त्यावर ऑर्थोडॉन्टिक मेणाचा मुगाएवढा गोळा दाबून बसवा. ट्रे काढलेला असताना ग्लासभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून चुळा भरा. चार-पाच दिवसांत तोंडाची कातडी सरावते. पहिल्याच ट्रेला लाळ जास्त सुटते किंवा उलट तोंड कोरडं पडतं, तेही आठवड्याभरात अंगवळणी पडतं.

आणि एक: दुखतंय म्हणून ट्रे काढून ठेवू नका. तासाभराने परत घालाल तेव्हा जास्त दुखेल, कारण मधल्या वेळात दात मागे सरकायला लागलेले असतात.

जेवण, चहा आणि हळद

२४ तासांतून २२ गेले की उरतात दोन. नाष्टा वीस मिनिटं, दोन्ही जेवणं धरून सव्वा तास, आणि उरलेल्या पंचवीस मिनिटांच्या आत चहा, दात घासणं, ट्रे धुणं. म्हणजे दिवसातून चार वेळा होणारा चहा बसत नाही. मी चहा नाष्ट्याला आणि संध्याकाळच्या खाण्याला जोडून टाकला. स्टाफरूममध्ये सगळ्यांबरोबर कप हातात न घेणं जिवावर आलं, खोटं कशाला बोलू. पण ट्रे घालून चहा घेणं याहून वाईट. गरम चहाने प्लॅस्टिक मऊ पडून आकार बदलू शकतो, डाग पडतात आणि साखर दात व ट्रे यांच्यामध्ये तासन्‌तास अडकून राहते. लाळ तिथे पोचत नाही, म्हणून कीड लागायला ती जागा अगदी सोयीची. ताक, सोलकढी, कोकम सरबत, लिंबूपाणी यांनाही तोच नियम. ट्रे तोंडात असताना फक्त साधं पाणी.

पहिल्या दोन दिवसांत काय खायचं, याला आपल्या स्वयंपाकघरात उत्तरांची कमी नाही. मऊ भात, मेतकूट आणि तूप. मुगाची खिचडी. तांदळाची उकड. दहीभात, पिठलं-भात, सांजा, केळं. भाकरी हवीच असेल, तर आमटीत किंवा दुधात कुस्करून. पोळी फाडून बारीक तुकडे करा आणि मागच्या दातांनी चावा. पेरू, सफरचंद, कणीस पुढच्या दातांनी तोडू नका, कापून किंवा दाणे सोडवून खा. चिक्की, घट्ट झालेला तिळगूळ, उसाची कांडी, कडक चकली यांनी अटॅचमेंट उडतं. माझं एक संक्रांतीलाच उडालं.

सणाच्या दिवसांत खाण्याच्या पदार्थांपेक्षा खाण्याच्या वेळा नडतात. दिवाळीत येता-जाता चिवड्याची मूठ तोंडात टाकायची म्हटलं, की ट्रे दिवसभर डबीतच राहतो. फराळ एका बैठकीत करायचा आणि उठायचं, हे मी घरात सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. सासूबाईंनी पहिल्या दिवाळीत दोनदा आग्रह केला, तिसऱ्या वेळी त्यांनीच पाहुण्यांना सांगितलं, "तिला आत्ता नको, तिचं दातांचं आहे."

आता हळद. सांगली ही हळदीची पेठ आणि आमच्या घरात हळदीशिवाय फोडणी होत नाही. ट्रे काढूनच जेवतो, मग पिवळं कसं होतं? जेवणानंतर दात न घासता ट्रे चढवला, की दातांवर राहिलेली हळद आतून ट्रेला लागते. अटॅचमेंटच्या कडेने पिवळी कड धरते, ती ब्रशने पूर्ण जात नाही. ट्रे दोन आठवड्यांनी बदलतो, अटॅचमेंट मात्र महिनोन्‌महिने दातावर असतं. म्हणून जेवणानंतर दात घासून मगच ट्रे. बाहेर असाल आणि ब्रश नसेल, तर निदान दोन-तीन वेळा खळखळून चुळा भरा, ट्रे घाला आणि घरी आल्यावर ब्रश करा. डागाच्या भीतीने तासभर ट्रे बाहेर ठेवण्यापेक्षा हे बरं.

बोलणं

पहिल्या ट्रेच्या सोमवारी वर्गात "पुढच्या आठवड्यात चाचणी आहे" असं म्हटलं आणि पहिल्या बाकावरून आवाज आला, "बाई, तुम्हाला बरं नाही का?" माझा 'च' फुसफुसत होता.

कारण माझ्या विषयातलंच निघालं. मराठीत 'च' दोन प्रकारे उच्चारतात. 'चार'मधला तालव्य, 'चाक'मधला दंततालव्य. 'माझी' आणि 'माझा' म्हणून बघा, 'झ' बदललेला जाणवेल. दंततालव्य उच्चारात जिभेचं टोक वरच्या पुढच्या दातांच्या मागे, हिरडीपाशी जातं. नेमका तिथेच ट्रेचा काठ आलेला असतो. पाऊण मिलिमीटरच्या आसपास जाडीचं प्लॅस्टिक, पण जिभेला ती जागा लहानपणापासून पाठ असते, त्यामुळे ती अडखळते. 'चाचणी', 'जाहीर', 'झाडं' आणि सगळे 'स' यांची पंचाईत होते.

यावर उपाय मोठ्याने बोलण्याचा, गप्प बसण्याचा नाही. लहानपणची 'चटईला टाचणी टोचली' सावकाश दहा वेळा म्हणा, मग वेग वाढवा. त्यात जिभेला हवी ती सगळी कसरत आहे. रोज पंधरा मिनिटं वर्तमानपत्र मोठ्याने वाचा. मी रविवारी सकाळी अग्रलेख वाचायचे आणि नवरा भाजी चिरत ऐकायचा. पहिल्या ट्रेला आठवडा लागला. पुढच्या ट्रेंना दोन-चार तास, कारण जिभेला जाडी समजलेली असते, फक्त काठ नवा असतो. फोनवर किंवा मीटिंगमध्ये महत्त्वाचं बोलायचं असेल, तर त्याआधी पाच मिनिटं एकट्याने बोलून घ्या. त्यासाठी ट्रे काढू नका, नाहीतर जीभ शिकणार कधी?

स्वच्छता थोडक्यात

मऊ ब्रश, गार किंवा जेमतेम कोमट पाणी आणि बिनवासाचा पातळ साबण, एवढंच पुरतं. टूथपेस्टने ट्रेवर बारीक चरे पडतात आणि तो धुरकट दिसतो. रंगीत माउथवॉशमध्ये बुडवू नका. गरम पाणी तर कधीच नाही: चौथा ट्रे मी गीझरच्या नळाखाली धुतला आणि मागची दाढ त्यात बसेचना. उन्हाळ्यात बंद गाडीत, डॅशबोर्डवर डबी ठेवली तरी तेच होतं. विदर्भात राहणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवा.

पुढच्या नंबरला तयार आहात का

कॅलेंडर एक गोष्ट सांगतं, तोंड दुसरी. डॉक्टरांनी ७, १० किंवा १४ दिवस सांगितले असतील, ते खरे तास भरले तरच. शेवटच्या दोन दिवसांत हे बघा: ट्रे घालताना आवळल्यासारखं वाटतं का, कुठे फट आहे का, एखादा दात दाबल्यावर हुळहुळतो का. तिन्हीचं उत्तर 'नाही' असेल, तर बदला. आजारपणात किंवा गावी गेल्यामुळे तास बुडाले असतील, तर तेवढे दिवस वाढवा आणि डॉक्टरांना कळवा. एकेका दिवसाची कसर पुढच्या ट्रेवर ढकलली, की पाच ट्रेनंतर पुन्हा स्कॅन करायची वेळ येते.

मुलांच्या बाबतीत नुसतं "घातलाय का?" विचारून भागत नाही. काही कंपन्यांच्या किशोरवयीन मुलांसाठीच्या ट्रेवर निळा ठिपका असतो, तो वापरागणिक फिका होत जातो. तसा नसेल, तर बदलायच्या रात्री मुलाशेजारी उभं राहून, टॉर्च लावून दोघांनी मिळून फट बघा. रागावण्याचा प्रसंगच येत नाही, फट आहे की नाही ते दोघांनाही दिसतं.

हरवला, चिरला, निखळलं

ट्रे हरवण्याची हमखास जागा म्हणजे लग्नाची पंगत. अकरावा ट्रे मी मावसबहिणीच्या लग्नात टिश्यूमध्ये गुंडाळून ताटाशेजारी ठेवला. हात धुऊन येईपर्यंत ताट उचललं गेलं होतं. त्यानंतर एक डबी पर्समध्ये, एक शाळेच्या ड्रॉवरमध्ये, आणि ट्रे डबीशिवाय कुठेही ठेवायचा नाही, असा कानाला खडा लावला.

आधीचा ट्रे कधीच फेकू नका, निदान पुढचे दोन नंबर पूर्ण होईपर्यंत. नवा ट्रे पहिल्या काही दिवसांतच गेला, तर लगेच मागचा घाला आणि डॉक्टरांना फोन करा. शेवटच्या दोन-तीन दिवसांत गेला, तर डॉक्टर कदाचित पुढचा घालायला सांगतील. तो निर्णय त्यांचा, पण दात उघडे ठेवायचे नाहीत हे आपल्या हातात आहे. एक-दोन दिवस ट्रे घातलाच गेला नसेल, तर आधी तोच घालून बघा. घट्ट लागला पण पुरता बसला, तर चालू ठेवा. बसतच नसेल, तर जोर न लावता मागच्या नंबरवर या.

लहानसा तडा असेल आणि ट्रे टोचत नसेल, तर डॉक्टरांना विचारून तोच चालवता येतो. अटॅचमेंट निखळलं तर रात्री धावपळ करायची गरज नसते, ट्रे घालत राहा आणि दुसऱ्या दिवशी वेळ घ्या. ते घरी चिकटवायचा प्रयत्न मात्र करू नका.

डॉक्टरांना कधी गाठायचं

चौथ्या-पाचव्या दिवशी दुखणं उतरायच्या ऐवजी वाढत असेल. एकाच दातात ठणका असेल, गरम लागल्यावर कळ जात असेल किंवा रात्री झोपमोड होत असेल. हिरडी सुजली, पू दिसला, ताप आला. दात किंचित नाही, तर बोटाने सहज हलतो आहे. तीन-चार दिवस च्युई चावूनही फट नखाएवढी राहिली आहे. घातल्याबरोबर ओठ, जीभ किंवा हिरडीवर पुरळ आलं किंवा सूज आली, तर ट्रे ताबडतोब काढा. श्वासाला किंवा गिळायला त्रास होत असेल, तर दातांच्या दवाखान्याची वाट न बघता थेट हॉस्पिटल गाठा.

एका गोष्टीने मात्र घाबरू नका: ट्रे काढल्यावर मागच्या दाढा काही काळ एकमेकींना नीट टेकत नाहीत असं वाटतं. पुढच्या भेटीत तेवढं सांगून ठेवा.

फोन करायला माणूस असणं ही या उपचारांतली फार मोठी गोष्ट आहे. अमेरिकेत घरपोच अलाइनर देणारी स्माइलडायरेक्टक्लब ही कंपनी डिसेंबर २०२३ मध्ये बंद पडली, तेव्हा ज्यांचे ट्रे अर्धवट होते ते अडकून पडले. तुमचे ट्रे प्रत्यक्ष तपासणीशिवाय मागवलेले असतील किंवा सुरू केलेल्या ठिकाणी दाद मिळत नसेल, तर एखाद्या ऑर्थोडॉन्टिस्टला दात, एक्स-रे आणि ट्रे दाखवा. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची शासकीय दंत महाविद्यालयं, गोव्यात बांबोळीचं दंत महाविद्यालय इथे या विषयाचे स्वतंत्र विभाग आहेत.

फोनवर बोलताना चार गोष्टी तयार ठेवा: ट्रेचा नंबर, आज कितवा दिवस, काल किती तास घातला, आणि टॉर्च लावून काढलेले तीन फोटो, एक समोरून आणि एकेक दोन्ही बाजूंनी. माझे डॉक्टर हे फोटो बघून बहुतेक वेळा तिथल्या तिथे सांगायचे, "अजून तीन दिवस हाच ठेवा, आणि त्या सुळ्यावर च्युई दुप्पट."